ठकूमावशीची समुद्राकडची वाट

ठकूमावशी आमच्या कॉलनीत राहायला आली त्याच आठवड्यात तिची सून संगीता माझ्या दारात उभी. "बाई, थोडं मीठ देता का? आमच्या घरात हाय, पण कुठं हाय ते आत्यांनाच म्हाईत. आन आत्या गेल्यात कालव्याकडं."

मीठ दिलं. दोन दिवसांनी तीच संगीता चहापत्ती मागायला आली, मग काडेपेटी. मला वाटलं, नवीन बिऱ्हाड आहे, सामान लागायला वेळ लागतो. पण महिना झाला तरी सामान लागेना! शेवटी एकदा मीच डोकावले, तेव्हा उलगडा झाला. मावशी स्वयंपाकघर हलवायची. म्हणजे अक्षरशः हलवायची! सोमवारी स्टोव्ह, परात, डबे सगळं मागच्या पडवीत. गुरुवारी उचललं की पुढच्या ओट्यावर. रविवारी जिन्याखाली. संगीता कपाळाला हात लावून बसलेली आणि मावशी कमरेला पदर खोचून डबे वाहतेय.

"अहो मावशी, हे काय?" मी विचारलं.

"एका जाग्यावं चूल लई दिस ऱ्हायली का जागा उबगती, बाई. जाग्यालाबी इसावा नगं का?"

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांना शिकवते, पण जागेलाही विसावा लागतो हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. बारामतीत तेव्हा एमआयडीसी नुकती जोर धरत होती. कालव्याच्या अलीकडं आमची कॉलनी, दोन-दोन खोल्यांची घरं, पुढं ओटा. मावशीचा मुलगा पोपट एका कंपनीत लागला म्हणून ते लोक इथं आले. मूळचे इंदापूर तालुक्यातले, अंथुर्ण्याच्या माळावरचे. मेंढरं राखणारं घराणं. मावशीचं सगळं आयुष्य चालण्यात गेलेलं. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादायचं आणि मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणात जायचं, पाऊस तोंडावर आला की परत. नवरा गेला आणि मेंढरं विकली. पाचेक वर्षं झाली होती त्याला. पण मेंढरं गेली तरी चालणं कुठं जातंय! ते तिच्या अंगातच होतं. उंच, सडसडीत बाई, मनगटात चांदीची जाड कडी, नाकात मोरणी, आणि आवाज असा की एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगराला हाक मारावी. ती तिच्या फाटकातून "जेवलीस का गं?" म्हणाली की आख्ख्या गल्लीतल्या बायका "व्हय व्हय" करायच्या.

त्या हिवाळ्यात डॉक्टरांनी मला दम भरला. बाई, वजन उतरवा, चालायला लागा. मी कॉलनीतल्या तिघींना गोळा केलं. रविवारी सकाळी कालव्याच्या कडेनं फिरायला जायचं ठरलं. मावशीला कळलं तशी ती आमच्या आधी फाटकात हजर, पाठीला गाठोडं बांधून.

"गाठोडं कशाला मावशी? नुसतं चालायचंय."

"नुसतं?" ती माझ्याकडं अशी बघायला लागली जशी मी तिला नुसतं तोंड हलवून जेवायला सांगत होते.

आणि निघाली! आम्ही चौघी मागं, ती पुढं. पहिल्या मोरीपर्यंत दिसत होती, मग दिसेनाशीच झाली. आम्ही आपल्या धापा टाकत, घाम पुसत, "अगं बाई, हिचे पाय हायत का काय" करत पुढं गेलो, तर एका बाभळीखाली धूर. तीन दगड मांडलेले, त्यावर तवा, आणि मावशी बाजरीची भाकरी थापतेय! गाठोड्यात पीठ, मिरचीचा ठेचा, गूळ, चहाची पूड, सगळा संसार.

मग तिनं सांगितलं. मेंढरांच्या वाटेवर बायका घोडी घेऊन पुढं जातात. मुक्कामाची जागा धरायची, चूल मांडायची, पाणी आणायचं. पुरुषमाणसं मेंढरं चारत मागनं येतात, तोवर भाकरी तयार. "चालायचं म्हंजी कुनाला तरी खायाला घालाया फुडं जायाचं," ती म्हणाली. "न्हायतर चालायचं कशापायी?"

त्या हिवाळ्यात आम्ही एकही रविवार चुकवला नाही. आणि सांगायला लाज वाटते, माझं वजन वाढलं! डॉक्टर म्हणाले, बाई, तुम्ही चालताय का बसताय? मी म्हटलं, चालतो हो, पण पुढं भाकरी असते.

सुंदराचं नाव पहिल्यांदा ऐकलं ते त्या बाभळीखालीच. कोकणात एका शेतकऱ्याच्या घरी त्यांचा दर वर्षी मुक्काम असायचा. भात काढलेलं रिकामं शेत, त्यात मेंढरं बसवायची, लेंड्यांचं खत शेताला, त्याच्या बदल्यात तांदूळ ह्यांना. दोन-तीन रात्री की पुढचं शेत. त्या घरची सून सुंदरा. दोघी एका वयाच्या. पोपट झाला तो तिच्याच पडवीत. वाटेतच दिवस भरले, मेंढरं तर थांबत नाहीत. नवरा कळप घेऊन पुढं गेला आणि मावशी सुंदराकडं राहिली. सुंदरानं नाळ कापली, पेज पाजली, आपलं जुनं लुगडं फाडून बाळाला गुंडाळलं. पाचव्या दिवशी मावशी बाळ पाठीशी बांधून कळपाच्या मागावर निघाली. त्यानंतर दर वर्षी ती शेतात पाय ठेवायच्या आधी सुंदरा बांधावर उभी असायची.

"शेवटच्या येळंला निगताना म्हनले, पुढल्या साली येते गं. मला काय ठावं मेंढरं इकायची हायती? म्या येते म्हनले आन गेलेच न्हाय." हे सांगताना तिचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "ती बांधावं उभी ऱ्हायली असंल का, बाई?"

पोपटला ती दर दिवाळीला म्हणायची, मला तिकडं ने. तो म्हणायचा, "आई, गावाचं नाव सांग, नेतो." आणि इथंच घोडं अडायचं. गावाचं नाव मावशीला ठाऊकच नव्हतं! नाव लागतं बसमधून उतरणाऱ्याला. ती म्हणायची, घाट उतरला की नदी, नदी वलांडून खिंड, खिंडीतनं खाली बघितलं की दोन फणस, फणसामागं सुंदराचं घर, आणि तिच्या बांधावर उभं राहिलं की दर्या दिसतो. आता हे कुठल्या नकाशात शोधायचं? "आन ती असंल का अजून?" पोपट वर असंही म्हणायचा. मग दुसऱ्या दिवशी चूल हलायची.

पुढची दिवाळी झाली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी संगीता धावत आली. "बाई, आत्या कुठं दिसत न्हायत! गाठोडंबी न्हाय!"

पोपटनं मोटरसायकल काढली. कालवा पाहिला, स्टँड पाहिला, मग त्याला काय सुचलं कुणास ठाऊक, नीरेच्या रस्त्याला लागला. दुपार कलल्यावर सोमेश्वरनगरजवळ सापडली. ऊसतोडीवाल्यांच्या खोपटांपाशी बसून चहा पीत होती, आणि तिथल्या बायकांना खोपटाचं तोंड कुठल्या दिशेला असावं ते समजावून सांगत होती. पहाटे निघालेली बाई, पायी! पोपट रडकुंडीला आला होता. ती शांतपणे म्हणाली, "पायाला वाट ठावं हाय. तोंडाला न्हाय. मग पायानंच जावं लागंल का न्हाय?"

त्या संध्याकाळी आम्ही चौघी तिच्या ओट्यावर बसलो. म्हटलं, बास झालं. दिवाळीची सुट्टी अजून शिल्लक आहे. पोपट, तुझ्या दोस्ताची जीप माग. मावशीला कोकणात न्यायचं. आम्ही पण येणार! समुद्र आमच्यापैकी एकीनंही पाहिलेला नव्हता. माझं माहेर इंदापूर. पाणी म्हणजे उजनी धरणाचं, तेवढंच. नवऱ्यांना काय सांगितलं, घरी काय काय करून ठेवलं, ते सोडा. शनिवारी पहाटे जीप निघाली तेव्हा आम्ही शाळेच्या सहलीला निघाल्यासारख्या खिदळत होतो.

भोर ओलांडून घाटाला लागेपर्यंत मावशी पुढच्या सीटवर ताठ बसून बोट दाखवत होती. इथं मुक्काम, इथं वाघानं मेंढरू नेलं, इथं पाणी गोड. मग जीपनं डांबरी रस्त्यानं वळणं घ्यायला सुरुवात केली आणि तिचा हात खाली आला. तिची वाट रानातनं सरळ उतरायची, जीप डोंगराला वळसा घालून जात होती. खाली उतरल्यावर तर तिला काहीच ओळखू येईना.

"पोपट, हळू चालीव."

"आई, ह्याच्यापरास हळू चालीवली तर बंद पडंल."

दिवसभर शोधलं. दिसेल त्या गावात विचारलं, सुंदरा, दोन फणस. कोकणात फणस विचारणं म्हणजे आपल्याकडं ऊस विचारण्यासारखं! प्रत्येक घरामागं फणस. कुठं तीन, कुठं पाच. एका ठिकाणी दोन सापडले, तर तिथली म्हातारी सुंदरा नव्हती, पार्वती होती. संध्याकाळी श्रीवर्धनला पोचलो तेव्हा पोपटनं सांगून टाकलं, "उद्या दुपारी परत. सोमवारी माझी पहिली शिफ्ट हाय." मावशी गाठोडं उशाला घेऊन आडवी झाली. आम्हालाही मग खिदळता येईना.

रविवार उजाडला. आणि काय सांगू! सुरूच्या झाडांतनं बाहेर आलो आणि समोर सगळं पाणीच! आम्ही चौघीही किंचाळलो. साड्या खोचल्या, चपला हातात घेतल्या आणि ओल्या वाळूतनं पळालो. बारामतीच्या बायका, वयं काय, वजनं काय, कशाचं भान नव्हतं. लाट पायावर आली की ओरडायचं, गेली की पायाखालची वाळू सरकते म्हणून ओरडायचं. मी तर खाऱ्या पाण्याची चूळ भरून पाहिली, खरंच खारट आहे का म्हणून.

किनाऱ्यानं माणसं फिरत होती. म्हातारे जोडीजोडीनं, कुणी पोरांना खांद्यावर घेऊन, कुणी नुसतेच हात मागं बांधून. रविवारची सकाळ, कुणाला घाई नाही. मावशी एका जागी उभी राहून बघत होती.

"बाई, ही समदी कुठं निगाल्यात?"

"कुठंच नाही मावशी. फिरतायत."

"त्या टोकापातूर जाऊन?"

"परत येणार."

"मग गेलीच कशाला?"

मी हसले, पण ती हसली नाही. तिच्या डोक्यात सुंदराच होती. जरा वेळ ती घुटमळली आणि मग जे तिला येत होतं तेच तिनं केलं. पुढं निघाली. आम्ही आपल्या लाटांत दंग. वर पाहिलं तर सुरूच्या झाडाखाली धूर!

देवा! भर चौपाटीवर मावशीनं तीन दगड मांडले होते. नारळाच्या झावळ्या, करवंट्या गोळा करून जाळ केला होता आणि बाजरीची भाकरी तव्यावर. फिरायला आलेल्यांचा घोळका जमलेला. एक गॉगलवाले गृहस्थ पुढं होऊन विचारत होते, "मावशी, नाश्त्याला दुसरं काय आहे?" त्यांना वाटलं स्टॉल आहे! मावशी म्हणाली, "ठेचा हाय. आन उभा काय ऱ्हातोस, बस की. त्या बाईला बसाया जागा दे." तो खरंच वाळूत बसला, त्याची बायको बसली, पोरं बसली. पोपट लाजेनं लालबुंद होऊन "आई, इझव, कुनीतरी येऊन रागावंल" म्हणत होता, आणि त्याची आई अनोळखी माणसांच्या हातावर भाकरी ठेवत होती. मी परात सावरायला बसले.

तेवढ्यात किनाऱ्यानं एक बाई आली, डोक्यावर सुक्या मासळीची पाटी. ती चुलीपाशी थांबली. आधी दगडांकडं पाहिलं, मग भाकरीकडं, मग मावशीच्या कड्यांकडं.

"धनगरीण ना गो तू? मेंढरा कुठं उतरली तुमची?"

मावशीनं मान हलवली, मेंढरं नाहीत म्हणून.

"मना वाटला, आले या वर्साला. आमच्याकडं एक म्हातारी हाय, दिवाळी झाली का रोज इचारते, धनगर उतरले का, धनगर उतरले का. डोळं गेलं तिचं. पन इचारल्याबिगर जेवत नाय."

मावशीचे हात पिठातच थांबले. "नाव काय तिचं?"

"सुंदरा."

"दारात दोन फणस हायती?"

"होते दोन. एक गेल्या पावसात पडला. आता एकच हाय."

मी आयुष्यात खूप जणांना उठताना पाहिलंय, पण ठकूमावशी उठली तसं कुणी उठलेलं नाही पाहिलं. भाकरी तव्यावर, पीठ हाताला, आणि ही निघाली! "कुठं?" एवढंच विचारलं. त्या बाईनं किनाऱ्याच्या टोकाकडं हात केला, त्या टेकाडामागं. मी कशीबशी भाकरी उलटली, ती गॉगलवाल्या गृहस्थांच्या स्वाधीन केली, "विझवा हो चूल" म्हणून ओरडले आणि आम्ही सगळ्या तिच्या मागं धावलो. पोपटसुद्धा. ओल्या वाळूवरनं फिरणारी माणसं बाजूला होत होती. मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं, आणि धाप तर विचारूच नका.

टेकाडाच्या पायथ्याशी आम्ही तिला गाठलं. गाठलं म्हणजे, ती थांबली होती. कधी न थांबणारी बाई, पायानं वाळू उकरत उभी होती.

"बाई," ती म्हणाली, "ती पयलं मेंढरंच इचारील. काय सांगू? इकली म्हनू? तिच्या शेताला सा वर्सं खत न्हाय, तिच्या तोंडचा घास म्याच काडला की गं."

"जे खरं आहे ते सांगा, मावशी."

"खरंच तर त्वांडातनं निगंना."

पोपट पुढं झाला. तो कधी आईचा हात धरत नसे, त्यानं धरला. "चल आई. मीबी येतो. माजंबी घर हाय ते."

टेकाडाला वळसा घातला आणि ते शेत दिसलं. भात कापून झालेलं, रिकामं. एक फणस. आणि बांधावर, खरंच हो, बांधावर एक वाळकी म्हातारी काठी धरून उभी होती, तोंड डोंगराच्या बाजूला करून. आम्ही समुद्राकडून आलो होतो. ती पाठमोरी होती.

"सुंदरे," मावशीनं हाक मारली. त्या भल्यामोठ्या आवाजातलं एवढंसंच बाहेर आलं.

म्हातारी वळली. काठी खाली पडली. हात पुढं करून ती मावशीला चाचपायला लागली. तोंड, खांदे, मनगटातली कडी. कड्यांवर तिची बोटं थांबली. "ठके," ती म्हणाली. "ठके, आलीस गो?" दोघी एकमेकींना धरून उभ्या. मग पोपटला वाकवून तिनं त्याचं डोकं, कान, नाक सगळं हातांनी पाहिलं. "ह्योच ना गो, माज्या पडवीतला? केवढा जाला!" पोपट एमआयडीसीत फोरमनला न घाबरणारा माणूस, पोरासारखा रडायला लागला.

मग तिनं कान टवकारले. डोंगराकडं, मग समुद्राकडं.

"मेंढरा कुठं हायत तुजी? आवाज येत नाय."

मावशीनं पिठाचे हात लुगड्याला पुसले.

"इकली गं," ती म्हणाली. "समदी इकली. येकबी न्हाय ऱ्हायलं. मालक गेलं, आन इकली. म्या तुला येते म्हनले व्हते..."

मला वाटलं, आता ही म्हातारी मोडून पडते. पण तिच्या तोंडावर हळूहळू काहीतरी उमटायला लागलं, आणि ते हसू होतं!

"एक पन नाय?"

"येकबी न्हाय."

"म्हंजे आता सकाळी तुला कोन वढून नेनार नाय?"

मावशी तिच्याकडं बघतच राहिली. सहा वर्षं ती त्या विकलेल्या मेंढरांसाठी हळहळत होती, आणि हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं. जन्मभर दोन रात्री झाल्या की मेंढरं उठायची आणि बोलणं अर्धं टाकून हिला उठावं लागायचं. पोपट झाला तेव्हाच काय ते पाच दिवस मिळाले होते.

"न्हाय गं," ती म्हणाली. "कोन न्हेनार हाय आता?"

"मग बस," सुंदरा म्हणाली. "बस की."

दुपार झाली. पोपटनं घड्याळ पाहिलं, खाकरला. "आई, निगाया पायजे. उद्या पहिली शिफ्ट हाय माजी."

"मग जा की! तुला कुनी धरलंय?" मावशीचा आवाज आता पुन्हा डोंगराएवढा झाला होता. "संगीताला म्हनावं, चूल तुला पायजेल तितं मांड."

आम्ही तिच्याशिवाय परतलो. ती आली ती होळी झाल्यावर, एसटीनं, तांदळाचं पोतं घेऊन, असं संगीतानं मला कळवलं. तोवर माझी इंदापूरला बदली झाली होती आणि पुढं आमची भेट राहूनच गेली. त्यामुळं माझ्यापाशी तिचं शेवटचं दर्शन आहे ते त्या रविवारचंच. टेकाडाशी वळताना मी मागं पाहिलं. दोघी बांधावर पाय पसरून बसल्या होत्या. सुंदरानं मावशीचा हात मांडीवर घेऊन त्यावरचं वाळलेलं पीठ नखानं खरवडायला घेतलं होतं आणि ठकूमावशी बोलत होती, दुसरा हात हवेत नाचवत, न थांबता. आम्ही हात हलवला. तिनं आमच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.